न्हावा शेवाची कोंडी आणि कीव्हचा सर्व्हर

२७ जून २०१७. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. कुठला कंटेनर यार्डात कुठे रचलाय, कुठल्या जहाजात चढायचाय, कुठल्या ट्रेलरवर द्यायचाय, हे त्या संगणकांनाच ठाऊक. क्रेन धडधाकट असूनही काम थांबलं. बंदराबाहेर ट्रेलर तुंबणार म्हणून वाढीव पार्किंगची सोय करावी लागली. उरणच्या रस्त्याला ट्रेलरांच्या रांगा नव्या नाहीत, म्हणूनच ही कोंडी कुठून आली हे आपण विसरता कामा नये.

ती आली युक्रेनमधून. तिथल्या असंख्य कंपन्या करभरणीसाठी एमईडॉक हे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामचं विष कालवलं. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात ते शिरलं, आणि न्हावा शेवाचं हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाचं.

पडद्यावर कुलूपबंद फायली सोडवण्यासाठी ३०० डॉलरची खंडणी मागितलेली होती. भुरट्या टोळीचं काम वाटावं असंच सगळं. पण पैसे भरूनही फायली सुटणं शक्य नव्हतं. कुलूप होतं, किल्ली बनवलेलीच नव्हती. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. नासधूस करायची, आणि तिला खंडणीचा मुखवटा चढवायचा.

यातलं एक हत्यार मुळात अमेरिकेचं होतं. विंडोजमधल्या एका फटीचा फायदा घेणारं ‘इटर्नलब्लू’ अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं तयार केलं. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या अज्ञात गटानं एप्रिल २०१७ मध्ये ते जगजाहीर केलं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या सायबर हल्ल्यात ते वापरलं गेलं, त्यामागे उत्तर कोरिया असल्याचं अमेरिका आणि ब्रिटननं पुढे सांगितलं. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण नॉटपेट्या संगणकाच्या मेमरीतले पासवर्डही चोरत असल्यानं दुरुस्त केलेली यंत्रंही सापडली.

मर्स्कनं १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. जगभरातला आकडा अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार १,००० कोटी डॉलर.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं रशियाच्या लष्कराकडे उघड बोट दाखवलं. रशियानं आरोप फेटाळले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं जीआरयू या रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या ६ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. तेव्हा त्यांतला एकही जण अमेरिकेच्या ताब्यात नव्हता.