परसबागेतून शाळेचा अभ्यास : पार्श्वभूमी

शाळेला बाग हवीच, असा आग्रह चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने सतराव्या शतकातच धरला होता. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ हे नाव दिले. तिथल्या बागेत सामाईक वाफ्यांच्या जोडीला प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे.

शाळेच्या बागेचे घोडे अडते ते सुट्टीत. पीक भरात असते, पाणी घालायला कोणी नसते आणि नोंदी अर्ध्यावर तुटतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थम्प्टनच्या शेतकी शाळेत रूफस स्टिमसन यांनी १९०८ पासून यावर तोडगा काढला. मुलाने घरच्या शेतात पीक घ्यायचे, शिक्षकाने तिथे जाऊन ते पाहायचे आणि खर्च, श्रम, उत्पन्न हे सगळे मुलानेच वहीत मांडायचे. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेतकी शिक्षणात वर्षाला किमान ६ महिने देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम बंधनकारक केले.

आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. तिचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांमध्ये, म्हणजे शिक्षणाचा पाया म्हणून धरलेल्या उद्योगांमध्ये, शेतीलाही स्थान दिले. कामातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवायचे, हा त्यातला समवाय. तो सुटला की उरते ती नुसती अंगमेहनत, आणि मग ‘मुलांना नुसते राबवून घेतात’ ही पालकांची तक्रार रास्तच ठरते.

समवाय साधायला १ मीटर लांब-रुंद वाफा पुरतो. घेवड्याच्या बिया २० सेंटिमीटर अंतरावर, ३ ते ४ सेंटिमीटर खोल टोचाव्यात. कडेपासून १० सेंटिमीटर सोडले तर २५ बिया बसतात. अगदी कडेवरून सुरुवात केली तर ३६. हा फरक का पडतो, हे मुलाला दोरी धरून मोजू द्यावे. किती बिया पेरल्या ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, नाहीतर उगवणीची टक्केवारी काढताच येत नाही. २५ पैकी २० उगवल्या तर ८० टक्के. दहा-बारा दिवसांनी रिकाम्या जागा हलक्या हाताने उकराव्यात. बी मऊ पडून कुजले असेल तर बहुधा पाणी जास्त झाले. कोंब वाकून मातीतच अडकला असेल तर बी खोल गेले किंवा वरची माती घट्ट झाली. कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि मोठ्यांनी ती वही ‘सुधारू’ नये.