संस्थेला ऑनलाइन देणग्या घ्यायच्यात? आधी ८०जी आणि बाकीचे कागद असे करून घ्या

तालुक्याच्या गावात आमची छोटी संस्था आहे, मुलींचं वसतिगृह चालवतो, आणि कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे असतं. पूर्वी ओळखीतला माणूस यायचा, मुलींना भेटायचा, पावती घेऊन चेक द्यायचा. आता कुठल्यातरी ग्रुपवर फिरलेला व्हिडिओ बघून पुण्यातला, बंगळुरूचा कोणीतरी अनोळखी माणूस मेसेज करतो, आणि त्याचे प्रश्न दोनच असतात: "८०जी आहे का?" (म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल का) आणि "क्यूआर पाठवता का?" उत्तर द्यायला दोन दिवस लागले की तो परत येत नाही, हे मी खूपदा बघितलंय. म्हणून पेज, रील, वेबसाइट हे सगळं नंतर, आधी फाइल तयार करा.

पहिली पायरी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी. महाराष्ट्रात सोसायटीची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्हीखाली असते, आणि तिला निदान ७ सभासद लागतात. (फक्त गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायची असेल तर मंडळांना कलम ४१क खाली तात्पुरती परवानगी मिळते, तो वेगळा विषय.) इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल कळवण्याचा अर्ज) टाका. शेड्यूल वनच्या (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या) उताऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलं की पुढे बँक अडवते, पेमेंट गेटवेवाले अडवतात, आमचे ४ महिने निव्वळ यात गेलेत.

मग संस्थेच्या नावाचं पॅन, संस्थेच्याच नावाचं बँक खातं, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करून युनिक आयडी.

आता मुख्य काम, १२एबी आणि ८०जी. १२एबी मुळे संस्थेच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण त्यासाठी ८५ टक्के उत्पन्न संस्थेच्या कामावर खर्च झालेलं दिसायला लागतं, आणि ८०जी मुळे देणगीदाराला सवलत मिळते. अर्ज आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर. संस्था अगदी नवीन असेल, काम सुरू व्हायचं असेल तर फॉर्म १०ए, त्यावर ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झालं की ६ महिन्यांत, किंवा तात्पुरती मुदत संपायच्या ६ महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा पक्क्या नोंदणीसाठी फॉर्म १०एबी भरायचा. काम आधीपासूनच चालू असेल तर सरळ १०एबी. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, पण सीए आणि देणगीदार बोलताना जुनीच नावं घेतात म्हणून मीही तीच लिहिलीयेत, भरताना पोर्टलवर दिसतो तो नंबर घ्या.

कागद म्हणाल तर नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा ट्रस्ट डीड, पॅन, दर्पणचा आयडी, सगळ्या विश्वस्तांचे पॅन-आधार-पत्ते, ३ वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब (तेवढी जुनी नसाल तर असतील तेवढे) आणि कामाचा अहवाल. घटनेत संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता कुठे जाणार ते कलम आहे का बघा, नसेल तर आधी ते घालून घ्या. आणि संस्था एकाच जातीच्या किंवा धर्माच्या लोकांसाठी असेल तर ८०जी मिळत नाही, समाजाच्या नावाने चालणाऱ्या ट्रस्टना हे फार उशिरा कळतं.

पक्की नोंदणी ५ वर्षांची. वर्षाला ५ कोटींपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १२एबी आता १० वर्षांसाठी मिळू शकतं, ८०जी मात्र ५ च वर्षं, त्यामुळे दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवा आणि संपायच्या ६ महिने आधी अर्ज करा.

आता क्यूआर. विश्वस्तांच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कधीच टाकू नका, कितीही घाई असली तरी. संस्थेच्या खात्यावरचा घ्या. पण त्यातही अडचण अशी की यूपीआयवर पैसे येतात तेव्हा नाव दिसतं, पत्ता आणि पॅन नाही, आणि नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी धरतात. अशा निनावी रकमा एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर. म्हणून आम्ही क्यूआरच्या आधी एक छोटा फॉर्म ठेवलाय: नाव, पत्ता, पॅन, मोबाइल, मगच पैसे.

ही माहिती पुढे लागतेच, कारण वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरून सगळ्या देणग्या कळवायच्या आणि त्यातून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र प्रत्येक देणगीदाराला पाठवायचं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये फी, वर दंड १०,००० पासून १ लाखापर्यंत होऊ शकतो. साध्या पावतीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, १०बीई लागतं. ते वेळेत ईमेलवर गेलं की माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून देतो, आमच्याकडे कुठल्याही जाहिरातीपेक्षा याने जास्त फरक पडला.

देणगीदाराला खरं सांगा. सवलत साधारण देणगीच्या ५० टक्के रकमेवर आणि तीही उत्पन्नाच्या मर्यादेत, २,००० च्या वर रोख दिले तर नाही, आणि त्याने नवीन कर पद्धत घेतली असेल तर अजिबात नाही.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी हवा असेल तर १२एबी आणि ८०जी हातात आल्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ भरा, त्याला डिजिटल सही आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी एकाची सही लागते.

शेवटचं परदेशातल्या आपल्या लोकांचं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी नाही, पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्डवाला असेल तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, मग तो सख्खा मामा का असेना. त्या नोंदणीला संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतात.