ऑनबोर्ड की कार्ड : ‘१२८ एमबी’चा घोळ

इंदूरला रामबागेत किंवा राजेंद्रनगरात कुणाच्या माळ्यावरून जुना डेस्कटॉप खाली उतरला, की पहिला प्रश्न ठरलेला : ऑनबोर्ड आहे की कार्ड? म्हणजे मॉनिटरवर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच आहे, की वेगळ्या कार्डावर? कॅबिनेट मागून बघितलं की उत्तर मिळतं. मॉनिटरचा निळा पोर्ट कीबोर्ड-माउसच्या रांगेत असेल तर ऑनबोर्ड, खालच्या आडव्या पट्ट्यांपैकी एकीवर असेल तर कार्ड. बिलावरच्या ‘१२८ एमबी ग्राफिक्स’वरून मात्र काहीच कळत नाही.

१९९८ साली इंटेलची आय ७४० ही ग्राफिक्स चिप एजीपी कार्डांवर (एजीपी म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचा खास स्लॉट) आली आणि लवकरच मागे पडली. पण तिच्याच कुळातली चिप १९९९ च्या ८१० चिपसेटमधून, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांच्या संचातून, थेट मदरबोर्डवर गेली. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ या कार्डावरच्या चिपने त्रिमितीय आकृत्यांची गणितं प्रोसेसरकडून स्वतःकडे घेतली. दोन वाटा तिथेच फुटल्या.

आमच्या शहरात ऑनबोर्डवाल्या मशीनांची खरी गर्दी इंटेलच्या ८४५ चिपसेटच्या काळात झाली. ८४५जी बोर्डावर एजीपी स्लॉट देता येत असे, ८४५जीएलवर नाही. दरपत्रकात दोन्ही नुसते ‘८४५’. २००३ मध्ये आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून मी असंच मशीन घेतलं. ‘कार्ड बाद में लगवा लेना’ असं सांगितलं होतं. वर्षभराने कॅबिनेट उघडलं, तर स्लॉटच्या जागी बोर्डावर पांढरी चौकट छापलेली, सोल्डरची भोकं रिकामी. उरला साधा पीसीआय स्लॉट. त्याचा वेग सेकंदाला १३३ एमबी, तोही बाकीच्या कार्डांबरोबर वाटून घेतलेला.

आता मेमरी. ऑनबोर्ड चिपला बहुधा स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधून घेते. सुरुवातीला बायोस (मशीन सुरू होताना चालणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) थोडा भाग, १ किंवा ८ एमबी, बाजूला काढतो आणि पुढे लागेल तसं ड्रायव्हर उचलतो. ९१५जी चिपसेटला अशी कमाल २२४ एमबीपर्यंत उचल होती. ही उचलीची मर्यादा होती, पदरी असलेली मेमरी नव्हे, पण विकताना तोच आकडा पुढे केला जाई. २५६ एमबी रॅमच्या मशीनवर त्याला फारसा अर्थ नव्हता.

मग २००४ च्या अखेरीस घोळ उलट्या बाजूनेही झाला. जीफोर्स ६२०० टर्बोकॅश हे वेगळं कार्ड, पण काहींवर स्वतःची मेमरी १६ एमबी आणि खोक्यावर ‘१२८ एमबी सपोर्ट’, कारण उरलेली तेही रॅममधूनच घेत होतं. पुढे विंडोज व्हिस्टाच्या डिस्प्लेच्या खिडकीत अनेक ऑनबोर्ड चिपांसमोर बायोसने राखून ठेवलेला हिस्साच ‘डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी’ म्हणून दिसू लागला. ‘ग्राफिक्स मेमरी’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लागला आणि गिऱ्हाइकाला तुलना करायला काही उरलं नाही.

माझं ठाम मत आहे की विचारायला हवी होती ती मेमरीची वाट किती रुंद, ही गोष्ट. डीडीआर ४०० रॅमची एक स्टिक सेकंदाला ३.२ जीबी देते, ८६५जी चिपसेटवर जोडीने लावल्या तर ६.४, आणि त्यातही प्रोसेसरचा वाटा. जीफोर्स ६६०० जीटी कार्डाला स्वतःपुरते १६ जीबी मिळत. म्हणून ऑनबोर्डवाल्याने एका मोठ्या स्टिकऐवजी दोन सारख्या लावाव्यात, हे आजही जुनं मशीन सुरू करताना मी आधी सांगतो. इंटेलच्या जीएमए ९५० या ऑनबोर्ड ग्राफिक्समध्ये आकृतीच्या कोपऱ्यांची गणितं प्रोसेसरलाच करावी लागत, ते मात्र स्टिक वाढवून सुटत नाही.

ऑनबोर्डला नावं ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. त्या वर्षांत मध्य प्रदेशात वीज सारखी जायची आणि छोट्या यूपीएसवर कार्ड नसलेलं मशीन जास्त वेळ टिकायचं. मराठी टायपिंग आणि हिशेब त्यावर निभावले.

२०१० च्या जानेवारीत इंटेलचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये गेलं, २०११ मध्ये त्याच सिलिकॉनवर. बोर्डावर उरले फक्त पोर्ट. २०१९ पासून नावात ‘एफ’ असलेले, ग्राफिक्स बंद केलेले प्रोसेसर मिळू लागले. अशा मशीनवर कार्ड असूनही केबल सवयीने वरच्या पोर्टला लावली जाते आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. केबल खालच्या आडव्या पट्टीला लावायची.