सेंट्रल लॉकचा फ्यूज सारखा उडतो? मोठा फ्यूज टाकू नका

फॉरवर्डमध्ये फिरणारा सल्ला असा: पिकअपच्या लॉकचा फ्यूज वारंवार उडत असेल तर 15 ऐवजी 30 अँपिअरचा टाका, कटकट संपेल.

फ्यूज उडायचा थांबतो, म्हणून हा सल्ला पटतो. पण फ्यूज मुख्यतः वायर जळू नये म्हणून असतो. 15चा (निळा) फ्यूज त्या वायरच्या जाडीचा हिशेब करून दिलेला असतो. तिथे 30चा (हिरवा) बसवला की वायर तापून इन्सुलेशन वितळेपर्यंत फ्यूज शाबूत राहू शकतो. ती वायर आपल्या पायाशी, डॅशबोर्डखालून जाते.

मग फ्यूज उडतो का? पहिला संशय दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीवर घ्या. दार उघडता-मिटता आतली वायर तिथे हजारो वेळा वाकते, सोलते आणि बॉडीला टेकते.

तपासायला 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. फ्यूज काढून त्याच्या जागी दिवा जोडा. कुठलंही बटण न दाबता तो लख्ख पेटला, तर सप्लायची वायर कुठेतरी बॉडीला टेकून अर्थ (शॉर्ट) होते आहे. आता एकेका दाराची रबरी नळी हलवा. दिवा जिथे लुकलुकेल तिथे दोष. बटण दाबल्यावरच फ्यूज उडत असेल तर मूळच्याच अँपिअरचा फ्यूज लावून एकेका दाराचा कनेक्टर सोडवून बघा. ज्या दाराचा सोडवल्यावर फ्यूज टिकतो, त्याच दाराची वायर किंवा मोटर बिघडलेली. (दोन-चार फ्यूज जातील, पण ते स्वस्त असतात.)

मूळ आकडा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडतो.