कोन चुकला की गाडी गुरगुरते

ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकातली लँड रोव्हर डिस्कव्हरी बघायला गेलेला जाणकार बॉनेट नंतर उघडतो. आधी तो मागचं दार उघडून सामानाच्या जागेवरचा गालिचा उचलतो. खाली पत्रा दिसला तर नशीब, पुष्कळदा तिथून थेट रस्ताच दिसतो. या गाडीचे बाहेरचे बरेचसे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे आणि आतला सांगाडा पोलादाचा. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते खारं पाणी दोन धातूंच्या सांध्यात शिरलं की तिथे छोटासा विद्युतघटच तयार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो, त्याची पांढरी भुकटी होऊन गळते. आणि आतलं पोलाद? ते साध्या गंजाने खलास होतं, त्याला निमित्त लागत नाही.

पण त्याच कुजक्या बॉडीखालचं इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि दोन्ही अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीमधले आडवे आस) धडधाकट असतात. मग एखादी डिस्कव्हरी खड्ड्यात उलटली, विमा कंपनीने तिच्यावर फुली मारली, की कुणीतरी ती भंगाराच्या भावात उचलतो आणि तिची सगळी यंत्रणा आपल्या जुन्या, पाट्यांच्या स्प्रिंगवर उड्या मारणाऱ्या लँड रोव्हरच्या बॉडीखाली बसवतो. तिकडे हा छंद चांगलाच रुजलेला आहे.

तो रुजायला एक कारण आहे. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०० इंच, म्हणजे २५४ सेंटिमीटर होतं. १९८९ साली डिस्कव्हरी आली ती त्याच मापावर. त्यामुळे या घराण्यातले सुटे भाग भावकीतल्या भांड्यांसारखे एकमेकांकडे फिरत राहतात. खरं तर घराण्याचा मूळपुरुषही असाच जोडून तयार झालेला. १९४७ साली रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी पहिला नमुना बनवला तो अमेरिकन जीपच्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या पोलादी चौकटीवर, रोव्हरच्या मोटारीचं इंजिन चढवून. स्टिअरिंग चक्क मधोमध होतं. पुढे १९४८ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली, तेव्हाही चाकांतलं अंतर जीपचंच होतं, ८० इंच.

असं प्रत्यारोपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणग्या येतात. इंजिनचं माउंटिंग कापायचं, नव्या जागी टाके मारायचे, बसतंय का बघायचं. मेहनतीचं काम आहे, पण चुकलं तर डोळ्यांना दिसतं. गाडीचा जीव खाणारी चूक दिसत नाही. ती असते गुणोत्तरात, नाहीतर कोनात.

त्याआधी अपघातग्रस्त गाडीबद्दल दोन शब्द. समोरून धडकलेल्या गाडीत रेडिएटर आणि पंखा गेलेला असतोच. खरी भीती इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या ओतीव हाउसिंगला केसाएवढी चीर जाण्याची असते. उलटलेल्या गाडीत धोका वेगळा. इंजिनचं तेल सिलिंडरमध्ये उतरून पिस्टनच्या डोक्यावर साचतं. डिझेल इंजिन हवा अठरा-वीस पट दाबतं, पण तेल दबत नाही. त्यामुळे उत्साहाने चावी फिरवली तर पिस्टन वर येऊन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शहाणा माणूस आधी ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन तापवणाऱ्या कांड्या, काढतो आणि मोठा पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवतो. भोकांतून काळी पिचकारी उडाली, तर शर्टावर निभावलं म्हणायचं.

आता गुणोत्तर. डिस्कव्हरीच्या २.५ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनचं, ज्याला तिकडे नुसतं २००टीडीआय म्हणतात, कमाल पिळबळ (टॉर्क) सुमारे २६४ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये ते साधारण ३.६ पट होतं, ट्रान्स्फर केसच्या लो रेंजमध्ये, म्हणजे सावकाश पण जोरदार चालीत, आणखी ३.३२ पट, अ‍ॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियनवर, म्हणजे गती चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीवर, आणखी ३.५४ पट. गुणाकार सुमारे ४२. म्हणजे घर्षणात जाणारं सोडलं तर चाकांपाशी जवळजवळ ११,००० न्यूटन-मीटर. टायरची त्रिज्या ३७ सेंटिमीटर धरली तर ही गाडी सुमारे तीन टन वजनाइतक्या जोराने जमीन मागे ढकलू शकते. गाडीचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. याचा अर्थ चढावर ताकद कधीच कमी पडत नाही, कमी पडते ती टायरची पकड. आणि इंजिन नुसतं मिनिटाला ८०० फेऱ्यांवर धुगधुगत असेल तर गाडी ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास सरकते. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल.

तेच इंजिन, त्या जुन्या, पाट्यांच्या स्प्रिंगवाल्या लँड रोव्हरचे अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स तसेच ठेवून, वर बसवलं तर? त्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.७, हाय रेंजचं, म्हणजे रोजच्या चालीचं, १.१५ आणि पाचवा गिअर नाहीच. ताशी ९० किलोमीटरला डिस्कव्हरीत सुमारे २,२०० फेऱ्यांवर गुणगुणणारं इंजिन इथे ३,५०० फेऱ्यांवर बोंब मारतं. ताकद तेवढीच, डिझेल जास्त, कान बधिर. म्हणून जाणते लोक इंजिन एकटं आणत नाहीत. इंजिनपासून चाकांपर्यंतची अख्खी वरात एकाच गाडीतून आणतात, म्हणजे कारखान्यातल्या अभियंत्यांनी जुळवलेला गुणाकार आपोआप बरोबर येतो.

उलटा अनुभव आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांना विचारा. महिंद्राने मुंबईत विलिसच्या परवान्यावर बनवलेल्या सीजे-३बी जीपचं अ‍ॅक्सल गुणोत्तर होतं ५.३८, वेगात फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनला साजेसं. पेट्रोल परवडेना म्हणून अशा जीपमध्ये डिझेल इंजिन चढवण्याची एके काळी लाटच होती. समजा ते डिझेल ट्रॅक्टरच्या जातीचं, फार तर २,४०० फेऱ्यांपर्यंत जाणारं. हिशोब केला तर टॉप गिअरमध्ये जीप ताशी ६० किलोमीटरवर थांबते. घाट मजेत चढणारी आणि सपाटीवर एसटीला वाट देणारी ती जीप ज्यांनी चालवली असेल त्यांना हा आकडा पाठ असेल.

अनोळखी अ‍ॅक्सलचं गुणोत्तर कसं ओळखायचं? त्यावरची पट्टी कधीच झडलेली असते. एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे ट्रान्स्फर केसकडून इथवर येणाऱ्या लांब दांड्यावर, खडूने एकेक रेघ मारा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साडेतीनच्या किंचित पुढे गेले तर ३.५४, पावणेपाचच्या थोडं अलीकडे थांबले तर ४.७. चाक एकच फेरा का फिरवायचं नाही? कारण एक चाक अडलेलं असताना डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी रचना, शाफ्टची गती अर्ध्यावर आणतं. हे विसरून फेरे मोजणारा माणूस भंगारवाल्याशी तासभर वाद घालतो आणि मग गप्प होतो.

पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर एकच हवं, हे वेगळं सांगायला नको. ट्रान्स्फर केस लॉक केली आणि दोन्हीकडे वेगळे आकडे असतील, तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढत राहतात, आणि डांबरी रस्त्यावर जो भाग कच्चा असेल तो आधी मोडतो.

आता कोन. इथे मात्र थोडं रेंगाळायला हवं.

ट्रान्स्फर केस वर आणि अ‍ॅक्सल खाली, म्हणून मधला प्रॉपेलर शाफ्ट तिरका असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. मिस्त्री त्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात. अधिक चिन्हासारखा चार पायांचा पोलादी तुकडा, दोन पाय एका काट्यात आणि दोन दुसऱ्यात. गॅरेजातल्या सॉकेट सेटमध्ये याचं धाकटं भावंड असतं. ते हातात घ्या, ३० अंशांत वाकवा आणि एक टोक हळूहळू फिरवा. पाव फेऱ्यावर दोन्ही टोकं बरोबरीने पोहोचतात. मधे मात्र तसं होत नाही. एक टोक ४५ अंश फिरलं तर दुसरं ४१ अंशांवर रेंगाळतं किंवा ४९ अंशांवर पुढे पळतं. म्हणजे आत जाणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा मंदावते.

सतराव्या शतकात रॉबर्ट हूकला हे नीट ठाऊक होतं. स्प्रिंगच्या नियमामुळे शाळेत भेटतो तोच हा हूक. त्याने या जॉइंटचं वर्णन केलं ते सूर्यावलोकनाच्या उपकरणांच्या संदर्भात, आणि सूर्यघड्याळाच्या रेघा आखायला तो वापरता येईल हेही त्याने ओळखलं होतं. आडव्या तबकडीवर सावली दर तासाला सारखी सरकत नाही. सकाळी वेगळी, दुपारी वेगळी. तिची चाल आणि वाकलेल्या जॉइंटची चाल, दोन्हींचं गणित एकच. सावलीचा तो विक्षिप्तपणा आज डिस्कव्हरीच्या पोटाखाली मिनिटाला तीन हजार फेरे मारतो.

आता बॉडी जुळवायची म्हणून चॅसिस कापतात तेव्हा काय होतं ते बघा. जुन्या छोट्या लँड रोव्हरच्या चाकांतलं अंतर ८८ इंच, खालची चॅसिस १०० इंची. म्हणून मधून १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर, काढून टाकायचे. तेवढाच मागचा शाफ्टही आखूड होतो. पण ट्रान्स्फर केस आणि अ‍ॅक्सल यांच्या उंचीतला फरक कापला जात नाही. सोयीचे आकडे घेऊ. फरक २० सेंटिमीटर, शाफ्ट १०० सेंटिमीटर, तर कोन साडेअकरा अंश. शाफ्ट ७० सेंटिमीटर झाला की कोन साडेसोळाच्या पुढे. तीन हजार फेऱ्यांवर पहिल्या शाफ्टची गती २,९४० ते ३,०६० मध्ये झुलते, दुसऱ्याची २,८७५ ते ३,१३०. जोर मोजायचा तर शाफ्टला बसणारे हिसके जवळजवळ दुप्पट होतात. शाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो, फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे सेकंदाला १०० कंपनं. कानाला ती हिसक्यांसारखी वाटत नाहीत, फरशीखालून येणाऱ्या गुरगुरीसारखी वाटतात. वेग दुप्पट केला की हिसके चौपट.

यावर उतारा म्हणजे दुसऱ्या टोकाचा जॉइंट. पहिल्याने केलेली लबाडी दुसरा उलटी करून फेडतो, पण दोन अटींवर. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत, म्हणजे ट्रान्स्फर केसचा दांडा आणि अ‍ॅक्सलचा पिनियन एकमेकांना समांतर. पहिली अट मोडते ती फार क्षुल्लक कारणाने. शाफ्टच्या मधे लांबी कमी-जास्त होण्यासाठी दातेरी सरकता सांधा असतो. ग्रीस भरायला तो ओढून काढला आणि परत घालताना एखादा दात इकडचा तिकडे झाला, की काटे पातळीतून हलले. म्हणून काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाचा एक ठिपका. दुसरी अट मोडते ती गाडी उंच करण्याच्या हौसेने. लांब स्प्रिंग घातले की अ‍ॅक्सल खाली जातो आणि किंचित फिरतोही, पिनियनचं नाक दुसरीकडे वळतं. मग चाकांचं बॅलन्सिंग होतं, टायर बदलतात, गुरगुर आहे तिथेच.

आणि दोन्ही अटी पाळल्या तरी अ‍ॅक्सलला गती सरळ मिळते, मधला शाफ्ट मात्र झुलतच राहतो. त्याचं स्वतःचं वजन आहे, ते प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळवायचं आणि दोनदा आवरायचं. म्हणून कोन फार मोठा झाला की समांतर ठेवूनही भागत नाही, एका टोकाला दोन क्रॉसचा जोडजॉइंट घालावा लागतो. इंजिन मागे सरकवून बसवण्याचा मोह इथेच महागात पडतो.

तारांबद्दल थोडक्यात. २००टीडीआय लोकप्रिय होण्याचं निम्मं श्रेय तिच्या अडाणीपणाला आहे. इंधनपंप यांत्रिक. स्टार्टर आणि अल्टरनेटर सोडले तर इंजिन चालू राहायला एकच जिवंत तार लागते, इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेच्या झडपेची. ती काढली की इंजिन थांबतं. १९९८ साली आलेल्या टीडी५ या पुढच्या डिझेल इंजिनमध्ये मात्र इंजेक्टरही संगणकाच्या हुकमाने उघडतात, आणि चोरीविरोधी यंत्रणेची ओळख पटली नाही तर तो हुकूमच देत नाही. या इंजिनची एक खोड मला फार आवडते. इंजेक्टरच्या तारा तेलात बुडालेल्या, आणि तेल तारांच्या आतून केशाकर्षणाने हळूहळू चढत थेट संगणकाच्या सॉकेटपर्यंत पोहोचतं. दिव्याच्या वातीत चढतं तसंच. सॉकेट उघडल्यावर बोटाला तेल लागलं, की मिसफायर का होतंय ते कळतं.

भारतात हे सगळं करून गाडी रस्त्यावर आणायची तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं याला एक गमतीदार गुणपत्रिका होती. मूळ चॅसिसला ५ गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनला फक्त १. आठ गुण राखले तर गाडीची जुनी ओळख कायम. चॅसिस कापली की बाकीचे गुण कितीही असोत, तपासणी द्या आणि ‘क्यू’ने सुरू होणारी, वय-वंश संशयित असल्याची पाटी लावा. बॉडीला या पत्रिकेत एकही गुण नव्हता.

हीच पत्रिका विल्क्स यांच्या १९४७ च्या नमुन्याला लावून बघा. चॅसिस जीपची, ५. अ‍ॅक्सल जीपचे, २. सस्पेन्शन जीपचं, २. एकूण ९. म्हणजे जगातली पहिली लँड रोव्हर कागदोपत्री जीपच ठरली असती.