चेहरा बधिर आहे तोवर: फेसलिफ्ट करून गावी परतलेल्या ग्राहकांसाठी

आमच्या दुकानातून चेहऱ्याचा बेल्ट किंवा ड्रेसिंगचं सामान नेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हा कागद आम्ही घालतो. तुम्ही वाचाच, पण घरात तुमचं करणारं जे कोणी असेल, सून, मुलगा, बहीण, त्यांनाही वाचायला द्या. कागद फेसलिफ्टसाठी, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ओढून शिवण्याच्या ऑपरेशनसाठी, लिहिला आहे. कानाखालच्या लाळग्रंथीची गाठ काढलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, कारण चीर साधारण त्याच जागी असते: कानापुढून खाली येऊन पाळीला वळसा घालून मागे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

ऑपरेशन होतं नागपुरात, आपल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातून दोन-अडीच तासांवर. कानापुढचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, कानामागचे थोडे उशिरा, आणि मग माणसं आमच्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. एक, “सूज अजून गेली नाही.” दुसरी, “गाल लाकडावानी लागते.” सूज शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसते, चारजणं विचारतात, म्हणून तिची काळजी वाटते. बधिरपणा कोणाला दिसत नाही, म्हणून तो बाजूला पडतो. पण घरी गेल्यावर झालेल्या ज्या इजा आमच्या ड्रेसिंगवाल्या ताईंनी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक बधिर जागेवरच्या होत्या. म्हणून हा कागद लिहिला.

बधिर का होतं?

फेसलिफ्टमध्ये गालाची आणि मानेची कातडी खालच्या थरापासून सोडवतात, वर-मागे ओढतात, जास्तीची कापतात आणि कानाच्या कडेने शिवतात. संत्र्याची साल काढताना तिला आतून धरून ठेवणारे पांढरे धागे तुटतात ना, तसे कातडीत येणारे संवेदनेचे बारीक तंतू यात तुटतात. ही डॉक्टरांची चूक नाही, ऑपरेशन असंच होतं. तंतू पुन्हा वाढतात, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक इंच. त्यामुळे बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहतो, कोणाकोणाला वर्षही लागतं. जाणीव कडेकडून येत जाते. कानापुढची पट्टी बहुधा सगळ्यात शेवटी जागी होते.

कानाच्या पाळीचं थोडं वेगळं आहे. तिची नस मानेच्या बाजूच्या जाड स्नायूवरून, कानाच्या भोकाच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर खालून, कातडीच्या बरीच जवळून वर जाते. फेसलिफ्टमध्ये दुखावणाऱ्या मोठ्या नसांत हिचाच पहिला नंबर. पाळी पूर्ण बधिर असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं नेमकं सांगा. लाळग्रंथीच्या ऑपरेशनात ही नस कधी कधी कापावीच लागते, आणि मग पाळीचा बधिरपणा कायमचाही राहू शकतो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

जाणीव परतू लागली की मुंग्या येतात, खाज सुटते, मध्येच करंट लागल्यासारखं होतं. लोक याला घाबरून फोन करतात. घाबरू नका, तंतू जागे होत आहेत. खाजवू मात्र नका. कानाखाली एकाच ठिकाणी बोट लागलं की दरवेळी कळ जात असेल आणि ती महिनोन्‌महिने थांबत नसेल, तर ते दाखवून घ्या.

एक सोपी गोष्ट करा. महिन्यातून एकदा आरशासमोर बसून कापसाची बारीक वात गालाच्या मध्यापासून कानाकडे हलकेच फिरवा. स्पर्श कळायचा थांबेल ती जागा कानापासून किती बोटं आहे, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोज बघितलं तर काहीच बदललेलं दिसत नाही. तीन महिन्यांचे आकडे शेजारी-शेजारी पाहिले की फरक कळतो, आणि डॉक्टरांनाही त्यावरून सांगता येतं.

बधिर जागेची राखण

गेल्या वर्षी आमच्या एका काकूंनी सूज उतरावी म्हणून मिठाची गरम पुरचुंडी गालावर धरली. हाताला सोसवत होती, गालाला काहीच लागत नव्हतं, म्हणून धरून ठेवली. संध्याकाळी फोड आले. नवीन शिवलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच कमी असतो, अशा जागी भाजलेलं लवकर भरून येत नाही. त्यांना दोन महिने ड्रेसिंग करावं लागलं. तेव्हा शेक नको, वाफ नको, गरम हवेचा ड्रायर नको, बाम नको. बर्फ फक्त डॉक्टरांनी सांगितला असेल तरच, तोही कापडात गुंडाळून, आणि दहा मिनिटांच्या वर नाही. बधिर कातडी बर्फानेही पोळते.

बिब्ब्याचं तेल तर अजिबात लावू नका. आपल्याकडे सुजेवर बिब्बा लावायला सांगणारं घरात एखादं तरी असतं. धडधाकट कातडीवरही त्याने फोड येतात. चोळणाऱ्या बाईकडून गाल चोळून घेणंही नको. डॉक्टर पुढे हलका मसाज सांगतील तेव्हा तो कसा करायचा ते त्यांच्याचकडून शिका.

चुलीवर स्वयंपाक होत असेल तर पहिला महिना दुसऱ्या कोणाला तरी बसू द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बधिर गालाला ऊन चटका देऊन सांगत नाही. शेतात जायचंच असेल तर सकाळी लवकर, दुपट्टा नीट बांधून. उन्हाने व्रण काळा पडतो आणि सूजही वाढते. कानातले जाणीव आल्याशिवाय घालू नका, पदरात अडकून पाळी फाटली तरी लगेच कळत नाही. दाढी करणाऱ्यांनी वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरावा. केसांना मेंदी किंवा डाय डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवा.

सूज

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. निळेपणा मानेवर, छातीपर्यंतही उतरतो, कारण साकळलेलं रक्त खाली झिरपतं. दोन-तीन आठवड्यांत माणूस चारचौघांत जाण्याजोगा होतो. पण आतली बारीक सूज आणि कडकपणा तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त राहतो. सकाळी चेहरा जड वाटणं, एक बाजू दुसरीपेक्षा सुजलेली असणं हेही चालतं. घरात लग्न असेल तर ऑपरेशन त्याच्या निदान सहा महिने आधीचं धरा. झोपताना डोकं दोन-तीन उशांवर उंच ठेवा, वाकून कामं करू नका, पाण्याचे हंडे-गुंड उचलू नका. लोणचं, पापड, ठेचा काही दिवस कमी करा, मिठाने पाणी धरून राहतं.

जिच्यासाठी थांबायचं नाही अशी सूज वेगळी. एकाच बाजूची, तासा-तासाला वाढणारी, ताठ आणि दुखणारी. आत रक्त जमत असतं आणि ते लगेच काढावं लागतं. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ तासांत होतं, पुरुषांत आणि बीपी वाढलेल्यांत जास्त. म्हणून आमचा आग्रह आहे की पहिल्या दोन-तीन रात्री नागपुरातच, हॉस्पिटलजवळ काढा. एसटीने त्याच दिवशी गावी येऊ नका. गावी असताना असं झालं तर आधी डॉक्टरांना फोन आणि लगेच गाडी. गाडी नसेल तर १०८. ताप, लाली, पू दिसला तरी त्याच दिवशी कळवा. डोळा पूर्ण मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो, हा बधिरपणा नव्हे. हालचालीची नस वेगळी असते, आणि तेही त्याच दिवशी सांगायचं.

खर्रा खाणाऱ्यांना हात जोडून सांगतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी काळी पडून गळू शकते. बिडी, सिगारेट, खर्रा, सगळं सारखंच. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद.

बेल्टबद्दल

बेल्ट आम्हीच विकतो, तरी सांगतो: घट्ट बांधल्याने सूज लवकर जात नाही. बधिर गालाला बेल्ट रुतलेला कळतच नाही. बेल्टखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दिवसातून दोनदा काढून कानामागे आरशात बघा किंवा कोणाला तरी बघायला सांगा. वळ, पांढरी किंवा काळसर जागा दिसली तर बेल्ट लगेच सैल करा आणि डॉक्टरांना फोन करा. किती दिवस घालायचा ते डॉक्टर ठरवतील. त्यांनी बंद करा म्हटल्यावर दुसरा घ्यायला आलात तर आम्ही देणार नाही.

माप चुकलं असेल तर न वापरलेला बेल्ट बदलून मिळतो. ड्रेसिंगसाठी ताई घरी येतील तेव्हा हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद हाताशी ठेवा. कोणते टाके कधी काढायचे ते त्यावरच लिहिलेलं असतं.