तुटीचा अर्थभरणा (भारत)

सरकारचा खर्च करांतून आणि लोकांकडून उभारलेल्या कर्जातून भागेनासा झाला, की उरलेली तोंडमिळवणी मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेऊन करणे, याला तुटीचा अर्थभरणा म्हणतात. बोलताना आपण ‘सरकार नोटा छापते’ असे म्हणतो, पण ते तितकेसे बरोबर नाही. नाशिक रोडच्या छापखान्यातून निघणाऱ्या नोटा लोकांना रोख किती लागते त्या हिशेबाने छापल्या जातात. तुटीपायी तयार होणारा पैसा त्याआधीच मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या वहीत, सरकारच्या खात्यावर पडलेल्या जमेच्या एका नोंदीतून जन्माला येतो.

सरकारी कर्ज आणि तुटीचा अर्थभरणा यांची गल्लत नेहमी होते. सरकारने रोखे काढले आणि ते बँकांनी, आयुर्विमा महामंडळाने किंवा भविष्यनिर्वाह निधीने घेतले, तर तेवढा पैसा त्यांच्याकडून सरकारकडे जातो. कोणाची तरी खर्च करण्याची ऐपत तेवढ्यापुरती कमी होते. तेच रोखे थेट रिझर्व्ह बँकेने घेतले, तर कोणाचाच खिसा हलका होत नाही आणि बाजारात नवा पैसा येतो. त्या पैशाबरोबर धान्य, कापड, सिमेंट वाढले तर भाव फारसे हलत नाहीत. वाढले नाही तर तेवढ्याच मालामागे जास्त रुपये धावतात. ‘ऋण काढून सण’ ही म्हण सरकारला लावण्याची हौस सगळ्यांना असते, पण तिच्यातल्या माणसाला सावकार नाही म्हणू शकतो. भारतात सुमारे चार दशके सरकारच्या सावकाराला ती मुभा नव्हती, आणि या विषयाचा गाभा कर्जाच्या आकड्यापेक्षा तिथे आहे.

या अनुभवाची पूर्वपीठिका दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटनने भारतात केलेल्या युद्धखरेदीचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात जमा होत आणि त्यांच्या तारणावर इथे रुपये काढले जात. चलनातल्या नोटा १९३९ मधल्या सुमारे १८० कोटी रुपयांवरून युद्ध संपेपर्यंत सहापटीच्या आसपास गेल्या. माल मात्र लष्कराकडे जात होता. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांनी ही भाववाढ त्या खुर्चीतून पाहिली होती. पुढची व्यवस्था नेमकी तेच अर्थमंत्री असताना झाली, हा योगायोग बोलका आहे.

जानेवारी १९५५ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक साधा कार्यालयीन समझोता झाला. सरकारच्या खात्यावर शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये शिल्लक असावी, असे ठरले. शुक्रवार अशासाठी, की बँकेचा साप्ताहिक ताळेबंद शुक्रवारचा असतो. समजा, एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी शिल्लक २० कोटींवर आली. मग ३० कोटींची ९१ दिवसांची ‘ॲड-हॉक’ म्हणजे तदर्थ ट्रेझरी बिले (अल्प मुदतीचे सरकारी कर्जरोखे) रिझर्व्ह बँकेच्या नावे निघत आणि तेवढी रक्कम खात्यावर जमा होई. मंत्रिमंडळाचा ठराव नाही, संसदेत चर्चा नाही, बँकेची वेगळी संमती नाही. मुदत ९१ दिवसांची असली तरी जुनी बिले फेडायला नवी निघत. चार दिवसांची चणचण भागवायला केलेली सोय अशी कायमच्या उत्पन्नाची बाब होऊन बसली.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१) सार्वजनिक क्षेत्राच्या ४,८०० कोटींच्या खर्चापैकी १,२०० कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, तुटीच्या अर्थभरण्यातून यायचा होता. योजनेच्या अर्थतज्ज्ञ मंडळातले बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली: जेवढी बचत आहे त्यापलीकडची गुंतवणूक लोकांवर भाववाढीच्या रूपाने लादली जाईल. मंडळात ते एकटे पडले. मात्र, भारतातल्या प्रत्येक महागाईचे खापर याच व्यवस्थेवर फोडता येत नाही. पावसाने दगा दिला की धान्य महागते, तेल कडाडले की सगळेच महागते. १९७२चा दुष्काळ आणि १९७३ची तेलदरवाढ यांनंतर सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक भाव आदल्या वर्षापेक्षा तिसऱ्या हिश्श्याइतके चढले होते, त्यात नवा पैसा आणि मालाची टंचाई ही दोन्ही कारणे मिसळलेली होती. त्या वर्षी सरकारने कर्मचाऱ्यांना वाढीव महागाई भत्त्याचा अर्धाच भाग हातात दिला आणि उरलेला सक्तीच्या ठेवीत अडकवला. पैसा बाजारात सोडून तो पगारपत्रकातून परत ओढण्याचा हा प्रकार लोकप्रिय होणे शक्यच नव्हते, पण पुढच्या वर्षी भाव उतरले.

त्याच दुष्काळाने महाराष्ट्रात वेगळा धडा दिला. राज्य सरकारसाठी अशी बिले आपोआप निघत नसत. रोजगार हमी योजना चालू ठेवायची तर पैसा कुठून तरी खरोखरच आणावा लागणार होता. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, त्यांचा उगम तिथला. खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गेली. ती कोण देतो हे दिसत होते. तदर्थ बिलांत नेमके तेवढेच दिसत नसे.

जुलै १९७४ पासून तदर्थ बिलांचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठला. महागाई दोन आकडी असली तरी दर तोच. १९८० च्या दशकात तूट फुगत गेली, तसे रिझर्व्ह बँकेला एका हाताने सोडलेला पैसा दुसऱ्या हाताने बांधावा लागला. १९९० पर्यंत बँकांना ठेवींवर रोख राखीव म्हणून १५ टक्के बाजूला ठेवावे लागत आणि ३८.५ टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावे लागत. शंभर रुपयांच्या ठेवीतले जेमतेम ४६ रुपये शेतकरी, कारखानदार, दुकानदार यांच्यासाठी उरत. चलनव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये दाखवून दिले, की अर्थसंकल्पातली ‘तूट’ हा आकडाच फसवा आहे. रिझर्व्ह बँकेने पदरात घेतलेले दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे त्यात धरलेलेच नसत.

१९९०–९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट (एकूण खर्च आणि कर्ज सोडून बाकीची जमा यांतला फरक) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ टक्के होती. परकीय गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण टाकावे लागले. ऑगस्टमध्ये महागाई १७ टक्क्यांच्या घरात गेली. त्यानंतर सी. रंगराजन गव्हर्नर आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, ९ सप्टेंबर १९९४ रोजी, सरकार आणि बँक यांच्यात करार झाला. तदर्थ बिलांची वाढ १९९४–९५ च्या अखेरीस ६,००० कोटींपलीकडे जायची नाही, आणि वर्षात सलग दहापेक्षा जास्त कामकाजी दिवस ती ९,००० कोटींच्या वर राहायची नाही. दुसरी अट महत्त्वाची, कारण वर्षभर वाटेल तेवढे घेऊन ३१ मार्चला हिशेब नीटनेटका दाखवण्याची वाट तिने बंद केली.

१ एप्रिल १९९७ पासून तदर्थ बिले थांबली. शिल्लक राहिलेली बिले ४.६ टक्के व्याजाच्या, मुदतच नसलेल्या विशेष रोख्यांत बदलली गेली, म्हणजे ९१ दिवसांचे कर्ज अधिकृतपणे बेमुदत झाले. त्यांच्या जागी मर्यादित ‘वेज अँड मीन्स’ उचल, म्हणजे तात्पुरती चणचण भागवण्यापुरते बँकेकडून घ्यायचे कर्ज, आली. पहिल्या वर्षी मर्यादा सहामाहीनुसार १२,००० आणि ८,००० कोटी होती. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने एप्रिल २००६ पासून नवे सरकारी रोखे थेट घेण्यास रिझर्व्ह बँकेला मनाई केली, राष्ट्रीय आपत्तीसारखा अपवाद ठेवून.

करोनाच्या वर्षात, २०२०–२१ मध्ये, केंद्राची राजकोषीय तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ९.२ टक्क्यांवर गेली आणि थेट नोटा छापाव्यात का, हा वाद पुन्हा पेटला. अपवादाचे ते दार उघडले गेले नाही. बँकेने दुय्यम बाजारातून, म्हणजे आधी इतरांनी घेतलेल्या रोख्यांची, मोठी खरेदी केली. तिच्याने पैसा वाढतोच, पण खरेदी किती आणि केव्हा, हे बँक ठरवते. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर पोचली. त्यात युक्रेन युद्धाचा वाटा मोठा होता.

२०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक रुपयातले २० पैसे व्याजाचे होते आणि जमेच्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे. दरम्यान रिझर्व्ह बँकेकडून सरकारला मिळणारी सर्वांत मोठी रक्कम आता लाभांशाची आहे: मे २०२५ मध्ये जाहीर झालेला आकडा २,६८,५९० कोटी रुपयांचा होता. परदेशी गुंतवणुकीवरचे व्याज, डॉलरविक्रीतला नफा असे तिचे स्रोत. हे कर्ज नव्हे, ते फेडायचे नसते, आणि हिशेबात ते महसूल म्हणून धरले जात असल्याने तूट तेवढी कमी दिसते. सरकारने ती रक्कम खर्च केली, की बँकांकडची रोकड मात्र तेवढीच वाढते.